औषधांचा रकाना

प्रिय भिंगरी,

दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या भाचीला मावशीने टपालाने पत्र पाठवावं, तेही ऑफिसच्या पत्त्यावर, याचं तुला हसू येईल. पाकिटावरचं माझं मुंगीसारखं अक्षर बघून शेजारच्या टेबलावरच्या बाईला तू दाखवशीलही. हसून घे. पण हे पत्र घरी नेऊन आईसमोर उघडू नकोस, एवढं मात्र ऐक. गेल्या चार दिवसांत मी तुला सांगायला म्हणून दोनदा निघाले. एकदा तुमच्या जिन्यापर्यंत आले आणि खालच्या मजल्यावरच्यांशी पाण्याच्या पंपाबद्दल बोलून परत फिरले. समोरासमोर मला जमणार नाही. तुझ्या आईसारखं फाडकन बोलता आलं असतं तर हे पत्र लिहावंच लागलं नसतं.

माझं काम तुला माहीत आहे. तू सात वर्षांची असताना शाळेला सुट्टी होती म्हणून तुझी आई तुला माझ्या प्रयोगशाळेत सोडून गेली होती. उंच स्टुलावर बसवून मी तुला सूक्ष्मदर्शकातून तुझ्याच रक्ताचा थेंब दाखवला होता. गुलाबी ठिपक्यांच्या गर्दीत मधूनच एखादी जांभळी, मोठी पेशी. मी सांगितलं की या ज्यांच्या पोटात तीन-चार गाठी दिसतात ना, त्या न्यूट्रोफिल. कुठे काही खुट्ट झालं की या आधी धावत सुटतात. आणि या गोल, गुबगुबीत, एकाच गाठीच्या, त्या लिम्फोसाइट. या शांत असतात, पण ओळख विसरत नाहीत. तू बराच वेळ डोळा लावून बसलीस आणि विचारलंस, "यातली मी कुठली?" आमची सगळी प्रयोगशाळा हसली होती. एकोणतीस वर्षं मी हेच करतेय. शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या, कुठल्या किती ते लिहायचं. आता यंत्र मोजतं, पण यंत्राला शंका आली की रक्त पसरलेली काच माझ्याकडेच येते. माझी मोजणी चुकत नाही असं तिथे सगळे म्हणतात. मलाही तसंच वाटत आलं. वाईट झालं ते त्यानेच.

सात वर्षांपूर्वी आमच्या डॉक्टरबाईंनी एक अभ्यास सुरू केला. अंडाशयाचा, गर्भाशयाचा, गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग झालेल्या बायका त्यांच्याकडे येतात. त्यांच्या मनात असं होतं की उपचार सुरू होण्याआधीच्या साध्या रक्ततपासणीत, जी कुठल्याही दवाखान्यात होते, पुढचं काही दिसतं का ते बघावं. न्यूट्रोफिलच्या आकड्याला लिम्फोसाइटच्या आकड्याने भागायचं, प्लेटलेट किती ते बघायचं, आणि मग त्या बाईचं पुढे काय होतं ते वर्षानुवर्षं लिहीत जायचं. बस, इतकंच. मोजणी आणि नोंदवही माझ्याकडे आली. नोंदवहीत नावं नव्हती, फक्त क्रमांक. प्रत्येक क्रमांकासोबत एक फॉर्म आणि फॉर्मवर बारा रकाने. सातवा रकाना औषधांचा: गेल्या पंधरा दिवसांत काय काय घेतलं. कारण ताप असेल, कुठे पू झाला असेल, किंवा स्टेरॉइडची गोळी चालू असेल तर न्यूट्रोफिल उगाच वाढतात, लिम्फोसाइट उगाच कमी होतात, आणि भागाकार खोटा येतो. अशा बाईचा नमुना अभ्यासात घ्यायचा नाही. हा नियम फॉर्मच्या तळाशी ठळक अक्षरांत छापलेला आहे. नव्या मुलींना तो समजावून सांगायचं कामही माझंच.

दोन वर्षांत चित्र दिसू लागलं. डॉक्टरबाई अधूनमधून आलेख काढायच्या आणि मला दाखवायच्या. भागाकार कमी असलेल्या बायकांची रेघ लांबपर्यंत जवळजवळ सपाट जायची. पाचाच्या वर भागाकार असलेल्यांची रेघ वर्षाच्या आतच पायऱ्या उतरायला लागायची. एकेक पायरी म्हणजे एकेक गेलेली बाई. डॉक्टरबाई दर वेळी बजावायच्या, "ही रेघ शंभर बायकांची आहे हं. समोर बसलेल्या एकीची नाही." मी मान डोलवायचे. पण खरं सांगू, मनातून मला पटलेलं नसायचं. मी त्या आकड्यांसोबत रोज बसायचे. नऊ, दहा असा भागाकार आला की त्या क्रमांकापुढे पुढच्या वर्षी काय लिहावं लागणार हे मला आधीच कळतं, असं मला वाटू लागलं होतं. बरेचदा तसंच व्हायचं. माणसाला आपण बरोबर ठरलेल्या वेळा आठवतात, चुकलेल्या वेळा कुठे आठवतात?

आणि मग तुझ्या आईचं पोट वाढायला लागलं. तू तेव्हा इथून लांब, पुलाच्या बांधकामावर इंजिनिअर होतीस. तिचं नेहमीसारखंच चाललेलं होतं. दिवसभर शिकाऊ लोकांना गाडी शिकवायची, दोन-दोन ब्रेकच्या त्या गाडीत बसून घसा फुटेपर्यंत ओरडायचं आणि संध्याकाळी मला फोन करून आज कोण कुठल्या खांबाला जाऊन भिडलं ते सांगायचं. म्हणाली, "अगं, सीटबेल्ट आखूड झालाय, कंपनीने बदलला वाटतं." मग म्हणाली की जिना चढताना धाप लागते. मी तिला ओढतच सोनोग्राफीला नेलं. डाव्या अंडाशयात गाठ आणि पोटात पाणी. ती टेबलावरून उठून कपडे सारखे करत होती आणि मी भिंतीकडे बघत होते. तिनेच मला खांद्याला धरून बाहेर आणलं.

शस्त्रक्रियेच्या आठवडाभर आधी तिचं रक्त घ्यायचं होतं. मी म्हटलं, मीच घेते. घरच्या माणसाचा नमुना दुसऱ्याने बघावा असा आमच्याकडे रिवाज आहे, पण मी कुणाला जवळ फिरकू दिलं नाही. तिची शीर नेहमी पळते, ती फक्त मलाच सापडते. फॉर्मही मीच भरला. वय, वजन, बाळंतपणं एक, मासिक पाळी कधी थांबली, सगळं मला पाठ. ती समोर बसून हातावर कापूस दाबत होती आणि बाहेरच्या वॉचमनला गाडी कशी मागे घ्यावी ते खिडकीतून सांगत होती. सातव्या रकान्यात मी लिहिलं, "नाही." तिला न विचारता. माझी सख्खी धाकटी बहीण, तिच्या घरात कुठल्या डब्यात काय आहे ते मला माहीत. तिला काय विचारायचं?

दुपारी मी तिची काच लावली. शंभरात ब्याऐंशी न्यूट्रोफिल. लिम्फोसाइट नऊ. मी परत मोजलं. दुसरी काच करून तिसऱ्यांदा मोजलं. प्लेटलेट पावणेपाच लाख, त्याही जास्तच. नऊ भागिले ब्याऐंशी असं उलटंसुलटं करूनही बघितलं, जसं काही त्याने उत्तर बदलणार होतं. दोनशेच्या आसपास बायकांच्या रेघा डोक्यात होत्या आणि त्यातल्या खाली उतरणाऱ्या पायऱ्यांवर मला तुझी आई दिसायला लागली. डॉक्टरबाईंना विचारावं, एक दिवस थांबावं, काही म्हणजे काही सुचलं नाही. मी जिन्यात गेले आणि तुला फोन लावला. तुझ्याकडे वारा घोंघावत होता, मागे कुणीतरी लोखंड ठोकत होतं. तू आनंदात होतीस. तिसऱ्या खांबाचं काँक्रीट त्या सकाळीच ओतून झालं होतं आणि तुझ्या साहेबांनी सगळ्यांसमोर तुझं नाव घेतलं होतं. तू ते सांगत होतीस आणि मी मध्येच म्हणाले, "भिंगरी, ये तू. वेळ थोडा आहे. वर्षही नाही." तू विचारलंस, डॉक्टर म्हणाले का? मी म्हणाले, "डॉक्टर कशाला म्हणायला हवेत, मी मोजलंय." हे शब्द तुलाही आठवत असतील. मला तर ते रोज ऐकू येतात.

तू चौथ्या दिवशी आलीस. दारात तुला आणि तुझ्या दोन मोठ्या बॅगा बघून तुझ्या आईचा चेहरा कसा झाला ते तू बघितलं नाहीस, तू वाकून बूट काढत होतीस. मी बघितला. तिला कुणी काहीच सांगितलं नव्हतं, तरी त्या क्षणी तिला सगळं कळलं. म्हणजे जे खरं नव्हतं ते सगळं कळलं. शस्त्रक्रिया छान झाली. डॉक्टरबाई बाहेर येऊन म्हणाल्या, वाटलं होतं तेवढं पसरलेलं नाही, जे दिसलं ते सगळं काढलंय, सहा केमो घेऊ. तू रडलीस. मग माझ्याकडे बघितलंस. मी नजर खाली घातली. तू त्याचा अर्थ असा घेतलास की डॉक्टर काहीही म्हणोत, मावशीला आतलं माहीत आहे.

आता जे सांगतेय ते तुला आजपर्यंत माहीत नाही. तुझ्या आईलाही त्याचा अर्थ माहीत नाही.

शस्त्रक्रियेनंतर दोन दिवसांनी, बुधवारी, तू हॉस्पिटलात होतीस आणि मी तिचे गाऊन आणायला तुमच्या घरी गेले. कात्री हवी होती म्हणून स्वयंपाकघरातला खण उघडला. कात्रीच्या खाली गोळ्यांची पट्टी होती. दहातल्या दोन उरलेल्या. स्टेरॉइड. मी ती पट्टी हातात घेऊन ओट्याशी किती वेळ उभी होते कोण जाणे. हॉस्पिटलात गेल्यावर, तू चहा आणायला खाली गेलीस तेव्हा, तिला विचारलं. ती सहज म्हणाली, "अगं, दम लागत होता ना, कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना वाटलं दमा आहे, त्यांनी दिल्या. तुला सांगितलं असतं तर ओरडली असतीस, माझ्याकडे का नाही आलीस म्हणून." कधी घेतल्या? रक्त द्यायच्या आधीचे चार-पाच दिवस. ज्या दिवशी मी रक्त घेतलं त्या दिवशी सकाळीसुद्धा. ब्याऐंशी आणि नऊ. तिच्या आजाराने किती वाढवलं आणि त्या आठ गोळ्यांनी किती, हे आता कुणीच सांगू शकत नव्हतं. तो आकडा फेकून द्यायच्या लायकीचा होता. कुठल्याही नव्या मुलीने तो फेकला असता, कारण तिने विचारलं असतं.

हा बुधवार. तू राजीनामा शुक्रवारी पाठवलास. तोवर तू नुसती रजेवर होतीस. दोन दिवस माझ्या हातात होते, भिंगरी. गुरुवारी संध्याकाळी हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये तू मला राजीनाम्याचा मजकूर वाचून दाखवलास आणि विचारलंस की "कौटुंबिक कारणास्तव" लिहू की खरं लिहू. पट्टी माझ्या पर्समध्ये होती. माझी पर्स माझ्या मांडीवर होती. मी म्हणाले, "कौटुंबिक लिही, पुरे तेवढं." त्या वेळी मी स्वतःला समजावलं की गोळ्यांनी फरक पडतो हे खरं, पण पूर्ण पडतो असं थोडंच आहे, आजार तर खराच आहे, मुलीने आईजवळ असलेलं बरंच. हे सगळं खरंही होतं. पण मी गप्प बसले ते यामुळे नाही. तेव्हा मला वाटलं होतं की शरमेने बसले. चोवीस वर्षं न चुकलेली बाई आपल्याच बहिणीचा फॉर्म चुकवते, हे कुठल्या तोंडाने सांगू?

पहिल्या केमोच्या आधी तिचं रक्त परत आलं. गोळ्या बंद होऊन महिना झाला होता, जखम भरत आली होती. मी मोजलं. एकसष्ट आणि सव्वीस. भागाकार अडीचही नाही. सपाट रेघेतल्या बायकांचा असतो तसा. मी कागद फाइलला लावला आणि तुला म्हणाले, "ठीक आहे, केमो देता येईल." तू पुढे काही विचारलं नाहीस. तू विचारणं सोडून दिलं होतंस, कारण एकदा विचारून तुला काय मिळालं होतं!

त्यानंतरचे ते सात आठवडे तू विसरली नसशील. दुसऱ्या केमोनंतर ती म्हणाली, आता बास. "मरायचंच आहे तर केस घेऊन मरते." पोरगी नोकरी सोडून येऊन बसली, यातच काय ते समजा, असं तिने डॉक्टरबाईंना तोंडावर सांगितलं. डॉक्टरबाईंनी तिला दोनदा समजावलं. त्या गोंधळल्या होत्या, कारण त्यांच्या मते तिचं सगळं चांगलं चाललं होतं. तिने गाडी तिच्या जुन्या विद्यार्थिनीला देऊन टाकली, गाडी शिकवायच्या शाळेची पाटी उतरवून कपाटामागे ठेवली, आणि खिडकीशी बसून राहिली. मी रोज यायचे. रोज म्हणायचे, "अगं, आकड्यांवर काही नसतं." का नसतं ते सांगितलं नाही. माझ्या फोनचं तोवर तिने तुझ्याकडून काढून घेतलं होतं. तीच मी, जिने मोजलंय म्हणून लेकीला बोलावलं, आता आकड्यांवर काही नसतं म्हणतेय. ती का ऐकेल माझं? ती जर त्या सात आठवड्यांत गेली असती, आजार परत उसळला असता, तर मी काय केलं असतं याचा विचार मी अजूनही पूर्ण करू शकत नाही. मध्येच उठून भांडी घासायला घेते.

तिला मी वाचवलं नाही आणि तूही नाही, राग मानू नकोस. खालच्या चढावर एक बिचारा शिकाऊ माणूस गाडी बंद पाडत होता. पाच वेळा बंद पडली, सहाव्यांदा गाडी मागे सरकायला लागली, आणि तुझ्या आईने तिसऱ्या मजल्यावरून अशी आरोळी ठोकली की कबुतरं उडाली. "क्लच! अरे, क्लच धर!" मग तशीच, डोक्याला रुमाल बांधलेली, जिना उतरून खाली गेली, त्या माणसाला बाजूला सरकवलं आणि गाडी वर नेऊन लावली. वर येऊन धापा टाकत म्हणाली की या लोकांना असं सोडून मरता येत नाही, उद्या डॉक्टरबाईंची वेळ घे. तू माझ्याकडे बघून हसलीस. कित्येक दिवसांनी हसली होतीस. मी त्या दिवशीही सांगू शकले असते. किती दिवस होते असे! मोजायला बसले तर या पाच वर्षांतला प्रत्येक दिवस.

या पाच वर्षांत तुझं काय झालं ते मी बघतेय. पूल पूर्ण झाला तेव्हा वर्तमानपत्रात फोटो आला होता. तू तो आईला दाखवला नाहीस, मला दाखवला नाहीस, पण तुझ्या उशीजवळच्या पुस्तकात घडी घातलेला मी पाहिलाय. पुलावरचा तुझा तो सर्वेक्षणवाला तुझ्यासाठी दीड वर्ष थांबला, दर महिन्याला येत राहिला, मग यायचा थांबला. तू आता नगरपालिकेच्या ऑफिसात लोकांच्या सांडपाण्याचे नकाशे तपासतेस आणि पाचला घरी येतेस. तुझी आई खोकली की तुझा हात थांबतो. तिला जिना चढायला दोन मिनिटं जास्त लागली की तू दारात येतेस. सहा महिन्यांची तपासणी आली की आठवडाभर तुला झोप नाही. ती तिकडे नव्या गाडीत बसून लोकांवर ओरडतेय, आणि इकडे तू पाच वर्षं "वर्षही नाही" या माझ्या दोन शब्दांखाली बसली आहेस. मागच्या वाढदिवसाला तू मला चिठ्ठी लिहिलीस, "मावशी, तू वेळेवर बोलावलंस म्हणून मला आई मिळाली." ती चिठ्ठी मी कपाटात ठेवली. घरात समोर दिसेल अशी ठेवता येईना.

अभ्यास या महिन्यात संपतोय. डॉक्टरबाई सगळ्या नोंदी परत बघत होत्या आणि दोनशे चौदाव्या ओळीवर थांबल्या. भागाकार नऊच्या वर, मध्ये उपचार तुटले, आणि पाच वर्षांनंतरही बाई ठणठणीत. त्या खूश झाल्या. म्हणाल्या, ही सगळ्यांपेक्षा वेगळी निघाली, हिचा फॉर्म काढा, हिच्याबद्दल वेगळं लिहायला हवं. फॉर्म काढायची मला गरज नव्हती. मंगळवारी सकाळी मी त्यांच्या खोलीत गेले, दार लावलं आणि सातव्या रकान्यापासून सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "एक ओळ काढली तर निष्कर्ष बदलणार नाही. पण तुम्ही न विचारता 'नाही' लिहिलेली ही एकच ओळ आहे का, हे आता मला कसं कळणार?" मी म्हणाले, एकच आहे. त्या म्हणाल्या, "मला तुमच्यावर विश्वास ठेवायचाय, पण तपासावं लागेल." मी भरलेले सगळे फॉर्म आता दुसरी मुलगी बघतेय, डॉक्टरबाईंकडच्या यादीतून क्रमांकांची नावं काढून त्या बायकांना, नाहीतर त्यांच्या घरच्यांना फोन करून विचारतेय. नोंदवही माझ्याकडून काढून घेतलीय. बरोबरच आहे. उद्या कुणी डॉक्टर या अभ्यासावरून एखाद्या बाईला काही सांगेल, तिथे माझा आळस असून चालणार नाही. मी निघताना त्यांनी एवढंच विचारलं, "घरी सांगितलंत?"

तुझ्या आईच्या तब्येतीबद्दल मी या वेळी माझं काही सांगत नाही. डॉक्टरबाईंचं सांगते, शब्द त्यांचेच: पाच वर्षांत आजार परतलेला नाही, पुढे परतणारच नाही अशी हमी कुणी देऊ शकत नाही, पण त्या आकड्यावरून तिला त्या पायऱ्यांवर धरायला कधीच आधार नव्हता. तपासण्या सहा महिन्यांनी चालू राहतील. हवं तर तू स्वतः जाऊन त्यांना भेट आणि विचार. माझ्याकडून ऐकू नकोस.

आता रविवारचं. जेवण झाल्यावर तू मला खाली सोडायला आलीस आणि जिन्याच्या वळणावर थांबलीस. तुझ्या जुन्या साहेबांचं पत्र आलंय, नवा पूल आहे, मोठा, दोन वर्षांचं काम, त्यांना तूच हवी आहेस आणि महिनाअखेरपर्यंत उत्तर द्यायचंय, असं तू एका दमात सांगितलंस. आईला बोलली नव्हतीस. तू मला विचारलंस, "मावशी, खरं सांग. तू मोजलंयस. मी दोन वर्षं लांब राहिले तर चालेल?" आणि मी तुझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाले, "आत्ताच नको गं जाऊस. या आजाराचा काही भरवसा नसतो." तू मान डोलवलीस. तुझ्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही आणि त्यानेच मला धरलं. घरी पोचेपर्यंत मला कळून चुकलं होतं की हे मी तुझ्या आईसाठी म्हणाले नाही. त्या गुरुवारी कँटीनमध्येही शरमेने गप्प बसले नव्हते, किंवा शरम असेल तर ती वरवरची. तू आलीस त्या शनिवारपासून माझ्या आयुष्यात संध्याकाळी दार वाजायला लागलं. माझं लग्न नाही, मूल नाही. त्याआधी चोवीस वर्षं मी कुलूप उघडून अंधाऱ्या खोलीत शिरले आणि दिवा लावला. तू आल्यावर कुणीतरी मला विचारायला लागलं की मावशी, जेवलीस का. मला ते सोडवेना. तुझ्या आईच्या आजाराआड लपून मी तुला पाच वर्षं माझ्याजवळ ठेवलं, आणि रविवारी आणखी दोन वर्षं मागितली. म्हणून हे पत्र. आज एकवीस तारीख आहे, तुझ्याकडे नऊ दिवस आहेत. त्यांना होकार कळव. तुझ्या आईला मी शनिवारी सांगणार आहे, ती काय बोलेल ते मी ऐकून घेईन. माझ्याशी तुला बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नकोस. पण उत्तर पाठवायला उशीर करू नकोस.

तुझीच,
मावशी